अर्ध्या शब्दावर

सदर भागातल्या एका गल्लीत मंडपवाल्याच्या गोदामासमोर डीजेची गाडी उभी होती आणि तिच्यावर पिंकीचंच गाणं चाललं होतं. चाललं होतं म्हणजे दणाणत होतं. समोरच्या चष्मेवाल्याच्या काचा थरथरत होत्या आणि तरी तो गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत शांत उभा होता, कारण लग्नसराईच्या तोंडावर इथं रोजच अशी तपासणी चालते. पिंकी तोंडाला स्कार्फ बांधून तिथून निघाली होती. या शहरात भर दुपारी बाहेर पडणाऱ्या सगळ्याच बायका स्कार्फ बांधतात, त्यामुळे स्वतःचं गाणं अंगावर आदळत असताना कुणी न ओळखता चालत जायची तिला सवय होती. 'काकी आली, मामी आली, वाटीत हळद घेऊन आ—' आणि तिथंच कुणीतरी वायर ओढली. पिंकीचा पुढे टाकलेला पाय अडखळला. हात गळ्याकडे गेला. इतकं काही झालं नव्हतं. चहाच्या टपरीवरच्या एका म्हाताऱ्यानं मान वर करून "लाइन गेली का गा?" एवढं विचारलं आणि परत बशीत तोंड घातलं. गाडीवरचा माणूस वायर कोपराला गुंडाळत होता. पण पिंकीच्या कानात तो अर्धा राहिलेला शब्द तसाच उघडा राहिला होता, आणि त्या उघड्या जागेतून तिला भीती वाटायला लागली. आज संध्याकाळी सहा वाजता आपण सगळ्यांना हेच करणार आहोत, असं तिच्या मनात आलं. वायर ओढणार आहोत.

पिंकी हे पोस्टरवरचं नाव. घरी ती प्रीती. वयाच्या अकराव्या वर्षी तिच्या वस्तीत, इंदोऱ्याच्या चौकात चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात ती पहिल्यांदा गायली, तेव्हा सूत्रसंचालकाला तिचं नाव आठवेना म्हणून त्यानं ठोकून दिलं, "आता येत आहे आपली पिंकी!" तेव्हापासून सदतीस वर्षांची झाली तरी ती पिंकीच. सात अल्बम झाले. सातही हळदीचे. सातही अल्बमच्या चित्रावर ती पिवळ्या साडीत, हातात पितळी वाटी घेऊन, एकाच बाजूला मान कलती करून हसते आहे. फक्त साडीचा काठ बदलतो आणि दरवर्षी हनुवटी जराशी भरते. विदर्भात कुठंही नवरीच्या अंगाला हळद लागताना पिंकीचा आवाज नाही, असं सहसा होत नाही. बौद्धांच्या मंडपात असतो, कुणब्यांच्या असतो, तेल्यांच्या असतो. हळदीला जात लागत नाही, असं ती मुलाखतीत सांगायची आणि ते तिला खरंच वाटायचं. आठव्या अल्बममध्ये मात्र हळद नव्हती. ढोलकी नव्हती, ऑक्टोपॅड नव्हता, नाचता येईल असं काही म्हणजे काही नव्हतं. सहा गाणी होती, हार्मोनियमच्या एका लांबवलेल्या सुरावर बोलल्यासारखी म्हटलेली, आणि सातवं होतं ते नुसत्या गळ्यावर. ते गाणंही नव्हतं खरं तर. ते रडणं होतं. घरात कुणी गेल्यावर जुन्या बायका हेल काढून रडतात, गेलेल्याचं एकेक सांगत, सुरात, ते. सहा वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ अंकुश बुटीबोरीच्या कारखान्यातून मोटरसायकलवर परत येताना ट्रकखाली गेला, तेव्हा तिची आई जे रडली होती, तेच पिंकीनं शब्दाला शब्द, सुराला सूर म्हटलं होतं. आणि आई जिथं अर्ध्या शब्दावर थांबली होती, तिथंच तीही थांबली होती.

हे आईला ठाऊक नव्हतं.

अश्विनचा स्टुडिओ दुसऱ्या मजल्यावर होता. जिन्यात कुणाच्या तरी कुकरचा वास, भिंतीवर विझवलेल्या बिड्यांचे काळे ठिपके. अश्विननं तिचे सातही अल्बम केले होते. तो बुटका, घामट, फार न बोलणारा माणूस, बोटं मात्र गोगलगायीच्या शिंगांइतकी हलकी. आवाजात कुठं काय खुपतं ते त्याच्या कानांआधी बोटांना कळायचं. तिनं स्कार्फ सोडला आणि त्याच्या मागच्या स्टुलावर बसली.

"मॅडम, मी अजून म्हणतो," तो पडद्याकडं बघतच म्हणाला, "शेवटचं गाणं असं नका सोडू. लोकाइले वाटन फाइल खराब हाये. मले फोन येतीन. म्हणतीन, अश्विनभाऊले कापताबी येत नाही."

"तू काय सांगशील मंग?"

"काय सांगू? मॅडमनं असंच म्हटलं, सांगीन. अन् मंग ते विचारतीन, काहून?"

त्यानं गाणं लावलं. खोलीत तिचा आवाज आला, आणि तो तिला परका वाटला. सात अल्बममध्ये अश्विननं तिचे श्वास कापून टाकले होते; हळदीच्या गाण्यात बाई दमलेली ऐकू येऊ नये. या वेळी तिनं श्वास ठेवायला लावले होते. आता दर ओळीच्या आधी कुणीतरी पाण्यातून डोकं वर काढल्यासारखा तो आवाज यायचा.

*डबा तसाच वापस आला वं बाई
झाकण नाही उघडलं
जवसाची चटणी देली होती
तिले हात नाही लावला
आता कोनासाठी कु—*

आणि संपलं. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. पिंकीनं हे शंभर वेळा ऐकलं होतं आणि शंभरही वेळा तिला पुढचा शब्द ऐकू येईल असं वाटलं होतं.

"पाच वाजेपर्यंत सांगा," अश्विन म्हणाला. "सहाले सगळा अल्बम आपोआप नेटवर लागते. पाचपर्यंत तुम्ही म्हटलं तर मी हे एक काढून टाकतो. सहा गाणेबी खूप झाले ना. काही कमी हायेत का ते?" मग जरा थांबून, तिच्याकडं न बघता, "तुम्हाले भेव वाटून राहिलं का?"

"हो," ती म्हणाली. सरळ हो म्हटल्यावर तिला जरा बरं वाटलं, पण फार वेळ नाही.

या सातव्या गाण्याचा एक तुकडा चार दिवसांपूर्वी लोकांच्या फोनवर सोडला होता, अर्ध्या मिनिटाचा. तेवढ्यानं काय व्हायचं ते झालं होतं. जिना उतरत असतानाच सावनेरच्या रुपरावचा फोन आला. रुपराव डीजेवाला, पिंकीच्या पहिल्या अल्बमपासूनचा. त्यानंच तिला पहिल्यांदा 'हळदीची पिंकी' म्हटलं होतं. उद्या सावनेरला एका घरी हळद होती, तिथं ती स्वतः जाऊन दोन गाणी म्हणणार होती. रुपराव आधी तब्येत विचारत बसला, आईची विचारली, उन्हाची विचारली. माणूस इतकं काही विचारायला लागला की मूळ गोष्ट वेगळीच असते.

"ताई, ते नवीन गाणं तुम्ही मातीचं केलं म्हणे?"

माती म्हणजे मयत. मातीला जाणं म्हणजे शेवटचं पोचवायला जाणं. पिंकी जिन्यातच उभी राहिली.

"माह्या भावाचं हाये ते, रुपरावभाऊ."

"हो ना, समजते ताई. मले समजते. पण घरचे लोक घाबरून राहिले. नवरीची आजी म्हणे, ज्या गळ्यानं मातीचं म्हटलं त्या गळ्याची हळद पोरीच्या अंगाले नको. आता मी काय सांगू त्याइले? बायाइचं मन हाये." तो मनापासून ओशाळला होता. "उद्या नका येऊ ताई. पुढच्या सालापर्यंत लोक भुलून जातीन. तुम्ही फक्त ते गाणं जास्त चालवू नका."

तिनं बरं म्हटलं आणि फोन ठेवला. राग यायला हवा होता, पण आला नाही. आजीचं म्हणणं तिला आतून पटलं होतं आणि त्याचीच तिला भीती वाटली. कारण त्या आजीला जे आज कळलं होतं ते सहा वर्षांपूर्वीच होऊन गेलं होतं, आणि तेही सावनेरलाच.

तेव्हा एप्रिल होता. सावनेरच्या एका दाराशी हिरवा मांडव, खाली सडा घातलेली ओली जमीन, नवरीला पाटावर बसवलेली, आणि चारचा सुमार. पिंकीनं दोन गाणी म्हटली होती. ऑक्टोपॅडवर त्या दिवशी दुसराच कुणी होता. एरवी अंकुश असायचा, पण त्याची कारखान्यात सकाळची पाळी होती. "ताई, सुट्टी नाही भेटली, पुढच्या वेळी पक्कं," असं तो सकाळी दाढी करता करता म्हणाला होता आणि त्याच्या कानाखाली साबणाचा फेस तसाच राहिला होता. तिसऱ्या गाण्याआधी ती पाणी प्यायला मांडवाच्या मागं गेली तेव्हा फोन वाजला. आईचा नंबर. तिनं हॅलो म्हटलं. कुणी बोललं नाही. आधी भांड्याचा आवाज आला, मग बायकांचा गलका, मग त्या गलक्यातून तो हेल वर आला. डबा तसाच वापस आला वं बाई. तिला कुणी काही सांगितलं नाही, सांगायची गरजच राहिली नाही. डबा कुणाचा ते तिला माहीत होतं. ती मांडवाच्या बांबूला धरून उभी राहिली आणि ऐकत राहिली, किती वेळ कोण जाणे, तीन मिनिटं, चार मिनिटं, पुन्हा पुन्हा तेच, आणि मग 'आता कोनासाठी कु' इथं एकदम सगळं थांबलं आणि फोन कापला गेला. मांडवातून कुणीतरी हाक मारली, "पिंकीताई, चला ना!" हळदीच्या मांडवात मयताची बातमी सांगत नाहीत. नवरीच्या अंगाला लागलेली हळद तशीच ठेवून उठावं लागतं, मग त्या पोरीचं काय? हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण ते तिला ठाऊक होतं. ती गेली. तिसरं गाणं म्हटलं. चौथं म्हटलं. 'काकी आली, मामी आली' म्हणताना तिनं नवरीच्या गालाला स्वतःच्या हातानं हळद लावली, आणि बायका म्हणाल्या, आज पिंकीचा आवाज काय लागला आहे! खरंच लागला होता. आयुष्यात इतका कधी लागला नव्हता. कानात आईचं रडणं चाललं होतं आणि ती त्याच्याच पट्टीत हळद गात होती. हे तिनं आजवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती, डोळे कोरडे, पदर नीट. अंकुशची बायको जयवंता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर गुडघ्यात तोंड खुपसून होती. कुणी रडत नव्हतं. आईचं रडून झालं असेल, असं पिंकीनं धरलं. पिंकीच्या वाट्याला ते रडणं फोनवरच येऊन गेलं होतं. दुसऱ्या दिवशी भन्तेजी आले, त्रिशरण पंचशील झालं, सगळं शांतपणे पार पडलं. मग सहा वर्षं त्या घरात त्या दिवसाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. जयवंता दहा महिन्यांनी निघून गेली, बुटीबोरीलाच एका कापडाच्या कारखान्यात शिलाईला लागली, तिथंच खोली घेऊन राहिली. भांडण असं काही झालं नाही. दर दसऱ्याला दीक्षाभूमीवरून परतताना ती दहा मिनिटं यायची, पाणी प्यायची, आईच्या पाया पडायची आणि जायची. आई तिला "बरी हाये ना?" विचारायची. त्यापलीकडं दोघींत शब्द नसायचा.

आणि तो हेल पिंकीच्या कानात राहून गेला. आधी तिनं तो दाबला. हळदीची गाणी म्हणताना तो खालून वाजायचा, मग ती आवाज चढवायची, आणि लोक म्हणायचे पिंकी दिवसेंदिवस जोरकस गाते आहे. सातवा अल्बम निघाला तेव्हा तिला पहिल्यांदा स्वतःच्या पोस्टरची भीती वाटली. पिवळी साडी, कलती मान. आपण मेलो तरी ही बाई हसत राहील, असं वाटलं. मोठमोठ्या शहरांतल्या, परदेशातल्या गाणाऱ्या बाया एकदम सगळं सोडून भलतंच काही करतात, केस कापतात, नाचणं टाकतात, एका पेटीसमोर बसून घरातलं दुखणं गातात, आणि लोक आधी शिव्या देतात मग डोक्यावर घेतात, हे ती फोनवर बघत आली होती. पण त्या बायांच्या गाण्यावर कुणाच्या पोरीचं लग्न लागत नाही. त्यांना कुणी शुभ मानलेलं नसतं. शुभ मानलेल्या बाईनं काय करायचं, ते तिला कुणाकडं बघून शिकता येईना. शेवटी एक दिवस ती अश्विनकडं गेली आणि म्हणाली, लाव, मी म्हणते. एकाच दमात म्हटलं. अश्विन कितीतरी वेळ कानावरचे हेडफोन काढेचना.

ई-रिक्षातून इंदोऱ्याला येईतो साडेतीन झाले. आई दारातल्या उन्हात सुपात जवस घेऊन निवडत होती. बायजाबाई चौसष्ट वर्षांची, किरकोळ अंगाची, पांढऱ्या साडीची. रविवारी विहारात वंदना तीच म्हणायची. वस्तीत कुणी गेलं की तिला पहिलं बोलावणं यायचं, कारण ती मयताच्या घरी शिस्त लावायची. ऊर बडवणाऱ्या बाईचे हात धरायची. "असं हेल काढू काढू रडू नका वं. बाबासाहेबानं आपल्याले माणूस केलं, माणसासारखं सोसा," असं म्हणायची, आणि बायका ऐकायच्या. आणि हिच्याच तोंडचा हेल आपण सहा वाजता साऱ्या जगाला ऐकवणार आहोत. तिच्या नावासकट. कारण पिंकीनं अश्विनला लिहायला लावलं होतं, शब्द आणि चाल : बायजाबाई. दुसऱ्याचं आपल्या नावावर खपवायचं नाही, एवढाच तिचा हिशेब होता. तेव्हा तो सरळ वाटला होता. आता दारात आईची चपळ बोटं बघताना तिच्या लक्षात आलं की आपण आईला चौकात उभी करतो आहोत. वस्तीतल्या बाया म्हणतील, आमचे हात धरत होती, अन् स्वतः पाहा.

"जेवली का?" आईनं विचारलं.

"हो."

"तोंड काहून उतरलं तुहं? उद्याची सावनेरची हळद हाये ना?"

"नाही हाये. त्याइनं दुसरी गाणारी लावली."

आईनं सुपातून मान वर केली. एक खडा काढून बाहेर टाकला.

पिंकी तिच्याशेजारी बसली आणि तीही निवडायला लागली. सांगायचं होतं. चार वाजले. आई, एक गाणं ऐकवायचं आहे, एवढंच म्हणायचं होतं, त्यात काही अवघड नव्हतं. हजारो माणसांपुढं उभी राहणारी बाई ही, पण आईच्या कोरड्या डोळ्यांपुढं तिचं काही चालेना. आई रागावेल याची भीती नव्हती. आई पुन्हा तशी रडेल, याची होती. तो हेल या दारात, या उन्हात, पुन्हा वर आला तर आपण काय करू? तेव्हा मांडवात पळून गेलो होतो. आता पळायला मांडवही नव्हता. पावणेपाचला अश्विनचा संदेश आला, 'काढू का?' तिनं 'हो' लिहिलं. खोडलं. 'नको' लिहिलं. तेही खोडलं. जवसाचे दाणे अंगठ्याला चिकटत होते. पाच वाजले, पाच वाजून दहा मिनिटं झाली, आणि काहीच न लिहिल्यामुळं गाणं अल्बममध्ये राहिलं. आपण धीर केला नाही, आपण फक्त उशीर केला, असं तिला वाटलं आणि स्वतःची लाज वाटली.

सहा वाजता ऊन भिंतीवरून उतरलं होतं. फोन थरथरला, परत थरथरला, मग थरथरतच राहिला. आईनं हात पुढं केला.

"पाहू. कवाची त्या फोनकडं पाहून राहिली तू."

पिंकीनं दिला. आईनं चष्मा लावला. पडद्यावर पिवळं काही नव्हतं, एक स्टीलचा डबा होता, झाकण लावलेला. आई अक्षर अक्षर लावून वाचायची तसं तिनं खालचं वाचलं.

"बाय-जा-बाई. माहं नाव काहून लिहिलं इथं?"

"तुहं हाये म्हणून."

"माहं काय हाये?"

आईनं तिच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "लाव."

तिनं लावलं. सातवंच लावलं, आता आडून आडून जाण्यात अर्थ नव्हता. आधी तो श्वास आला. मग डबा तसाच वापस आला वं बाई. आईचे हात सुपावर थांबले. चेहरा हलला नाही. पिंकी तिच्याकडं बघू शकत नव्हती, ती उंबऱ्यावरच्या एका मुंगीकडं बघत राहिली. जवसाची चटणी देली होती. गल्लीतून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिले हात नाही लावला. आता कोनासाठी कु—

शांत झालं. पिंकीनं दात आवळले. आता येईल, आता आई सुरू होईल.

आई उजव्या हाताकडं बघत होती. तळहात वर करून, त्यात काहीतरी सापडल्यासारखी.

"इथं मी तिच्या तोंडावर हात ठेवला," ती म्हणाली.

पिंकीला कळलं नाही.

"कोणाच्या?"

"जयवंताच्या. आणखी कोणाच्या?" आईचा आवाज अगदी साधा होता. "तुले सांगाले मीच फोन लावला होता. लागला अन् ती सुरू झाली. फोन या हातात होता. सगळ्या वस्तीच्या बाया जमल्या होत्या. मी एवढ्या जणींले गप्प केलं जन्मभर, अन् माह्याच घरात माही सून हेल काढून राहिली. मले लाज वाटली वं. पोरगा मेला होता माहा अन् मले लाज वाटली. दाबून धरलं मी तिचं तोंड. चांगलं दाबलं. दात लागले तिचे मले." तिनं तळहाताच्या कडेवरून अंगठा फिरवला. "मी नाही रडली त्या दिवशी. मी अजूनबी नाही रडली."

सहा वर्षं. सहा वर्षं ती आईचा म्हणून जो हेल वागवत आली तो आईचा नव्हताच. फोन आईचा, म्हणून तो रडून फाटलेला आवाजही तिनं आईचाच धरला होता. पिंकीनं मनात सगळा पुन्हा ऐकला आणि तो इतका उघड होता की तिला स्वतःचीच कीव आली. त्यात अंकुशचं नाव एकदाही नव्हतं. ते तिला किती थोर वाटलं होतं, आईनं पोटच्या पोराचं नावसुद्धा न घेता रडावं! रडणारी आई असती तर तिनं नावच घेतलं असतं, दुसरं काही नाही. नाव घेत नव्हती ती बायको होती. डबा भरून देणारी तीच होती. आणि पिंकीनं ते उचललं, घोटलं, श्वासासकट म्हटलं, वर भलत्याच बाईचं नाव लावून जगाला दिलं. अर्ध्यावर तोडलेलं सुद्धा तसंच, कारण ते तिला कला वाटलं होतं. उंबऱ्यावर गुडघ्यात तोंड खुपसून बसलेली ती पोरगी तिला दिसली. तिला वाटलं होतं, रडून थकली असेल.

"तिनं मंग कवाच नाही रडलं या घरात," आई म्हणाली. "गेली तेव्हाबी नाही. दरसाल येते, पाया पडते. मी बरी हाये ना विचारतो. तिच्या तोंडाकडं नाही पाहत मी."

फोन पुन्हा थरथरला. अश्विन असेल, रुपराव असेल, म्हणून पिंकीनं बघितलं. पडद्यावर जयवंताचं नाव होतं. सहा वर्षांत तिनं कधी फोन केला नव्हता. सुपातल्या जवसावर ठेवलेला तो फोन थरथरत होता आणि दाणे त्याच्या कडेनं सरकत होते. पिंकीची उचलायची हिंमत होईना. ती काय म्हणेल? माझं रडणं तुम्ही विकलं म्हणेल. माझं घेतलं आणि सासूच्या नावावर टाकलं म्हणेल, आणि ते सगळं खरंच असेल. सावनेरच्या आजीची भीती, अश्विनच्या फाइलची भीती, ती सगळी आता कुठल्या कुठं लहान होऊन गेली होती. ही एकच उरली होती.

"उचल," आई म्हणाली.

"मले नाही होत, आई."

आईनं स्वतःच उचलला. आवाज मोठा करायचं बटण तिला माहीत होतं. पलीकडून कुणी बोललं नाही. कुठंतरी शिलाई मशीन थांबल्याचा आवाज आला, मग तोही नाही. लाइन चालू होती. पिंकीला वाटलं, मांडवाच्या मागं बांबूला धरून आपण पुन्हा उभ्या आहोत.

"जयवंता," आई म्हणाली. "मी होय, बायजा."

पलीकडं मशीन पुन्हा सुरू झालं नाही.

आईनं उजवा हात सुपातून काढला, पदराला पुसला आणि मांडीवर उघडा ठेवला. "त्या दिवशी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा जरासा ओला झाला, "त्या दिवशी तू पुढं काय म्हणणार होती वं?"

कितीतरी वेळ काहीच आलं नाही. आईनं फोन कापला नाही. मग पलीकडं कुणीतरी श्वास आत ओढला, खोल, खालून. गाणाऱ्या बाईला कळतं तो श्वास कशाच्या आधीचा असतो. फोन बंद करावा, कानावर हात घ्यावेत, उठून कुठंतरी निघून जावं, असं तिला फार वाटलं. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले आणि ती तिथंच बसून राहिली.